सातशे ग्रॅम पाऊस

चाकूरच्या मोंढ्यात आमच्या मेव्हण्याचं आडतीचं दुकान आहे. तिथल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर सोयाबीन, तूर आणि हरभरा सोडून सहसा दुसरं काही चढत नाही. पहिल्या वर्षी माझी बॅग चढली. हमालानेच उचलून ठेवली, आणि ठेवताना त्याने 'काय भरलंय' अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. आकडा थांबला २३ किलो २०० वर.

"दाजी, रॅलीला चाललाव का संसार मांडायला?" मेव्हणा म्हणाला.

त्याची स्वतःची बॅग ११ किलोची होती. मी हसलो आणि मनात म्हणालो, याला पाऊस काय असतो ते ठाऊक नाही.

रॅली म्हटलं की लोकांना चिखल उडवत जाणाऱ्या गाड्या आठवतात. आमची तसली नव्हती. वेळ, वेग आणि अंतर यांचा हिशेब सांभाळणारी, टीएसडी म्हणतात ती रॅली. पुण्यातल्या एका हौशी क्लबने ठेवलेली, तीन दिवसांची, ऐन जुलैत. तुम्हाला एक रोड बुक मिळतं. त्यात प्रत्येक वळणाची बाणांची चित्रं असतात, कुठे किती किलोमीटरवर वळायचं ते असतं आणि कुठल्या टप्प्यात सरासरी किती वेग राखायचा तेही दिलेलं असतं. वेग साधाच, ताशी पस्तीस ते पंचेचाळीस. वाटेत कुठेतरी, आधी न सांगता, घड्याळ घेऊन माणसं बसलेली असतात. उशीर झाला तर सेकंदागणिक दंड, आणि लवकर पोहोचलात तर बहुतेक रॅलींत त्याहून जड दंड. म्हणजे जोरात पळणाऱ्याला तिथे काही किंमत नाही. आपल्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या, ईएमआय असलेल्या माणसांसाठीच हा खेळ काढला असावा.

पुणे, वाई, महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूर, महाड, हरिहरेश्वर आणि शेवटी ताम्हिणीतून परत पुणे, असा मार्ग. चाकूरहून पुणं साडेतीनशे किलोमीटरच्या वर. जाण्या-येण्याचे दोन दिवस धरून पाच दिवसांचा मामला. माझी जुनी दीडशे सीसीची गाडी आणि मेव्हण्याची स्प्लेंडर. दोघांच्याही गाडीमागे ना कुणाची जीप, ना मेकॅनिक. जे लागेल ते स्वतःच्या सीटला बांधून न्यायचं.

आता त्या तेवीस किलोंविषयी. तीन जीन्स होत्या, कारण एक भिजली तर दुसरी, दुसरी भिजली तर तिसरी. सहा टी-शर्ट, दोन टॉवेल, एक सोलापुरी चादर, बुटांचा दुसरा जोड. छत्रीही होती. मोटारसायकलवर छत्री कशाला, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन लिटर पाण्याच्या दोन बाटल्या. पान्ह्यांचा अख्खा संच. गाडीच्या मूळ कागदपत्रांची जाड फाइल. खरं तर २०१८ पासून डिजिलॉकरमधला परवाना आणि आरसी मूळ कागदांसारखेच धरावेत, असं केंद्र सरकारने राज्यांना कळवलेलं आहे. बायकोने दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. औषधांचा डबा. आणि या सगळ्यावर खास पुण्याहून मागवलेलं, भडक पिवळं, कडेला इलॅस्टिक असलेलं पावसाळी कव्हर. मला सगळ्यात जास्त भरवसा त्या कव्हरचा होता.

इतकं का भरलं होतं, याचं उत्तर आमच्या गावाच्या हवेत आहे. लातूर जिल्ह्यात वर्षाला साधारण आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही पडला तर. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, पाच लाख लिटर पाणी. ती गाडी बघायला लोक स्टेशनवर उभे होते. आणि जिथे मी चाललो होतो त्या महाबळेश्वरात २०२१ च्या जुलैमध्ये एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला होता. आमचं जवळजवळ पाऊण वर्ष त्यांच्या एका दिवसात. हा आकडा मी कुठेतरी वाचला आणि घाबरलो. माझ्या घरात धड रेनकोटसुद्धा नव्हता. जे माहीत नाही त्याची भीती वाटली की माणूस वस्तू वाढवत जातो. ती प्रत्येक वस्तू एका प्रश्नाचं उत्तर होती, आणि सगळे प्रश्न 'समजा' या शब्दाने सुरू होत होते.

बार्शी मागे पडेपर्यंतच गाडीचा स्वभाव बदललेला कळायला लागला होता. वजन मागच्या चाकाच्याही मागे आणि उंचावर बांधलेलं. गाडीचं पुढचं चाक हलकं पडतं, हँडल पोकळ लागतं, आणि शेजारून ट्रक गेला की शेपूट हलल्यासारखी गाडी हलते. टेंभुर्णीला चहाला थांबलो तेव्हा मेव्हण्याने दोऱ्या पुन्हा आवळल्या. "दाजी, निम्मं माझ्या गाडीवर टाका," म्हणाला. मी नको म्हणालो. दाजींनी मेव्हण्यावर ओझं टाकायचं नसतं, असं काहीतरी तेव्हा डोक्यात असावं.

पुण्यात गाड्यांची तपासणी झाली. टायर, ब्रेक, दिवे, हेल्मेटवरचा आयएसआय मार्क आणि त्याखालचा आयएस ४१५१ हा क्रमांक. बॅग कुणी तपासली नाही. तपासायला हवी होती, असं आता वाटतं.

पहिल्याच दिवशी, वाई सोडून पसरणी घाट चढताना, ते घडलं. हा टप्पा स्पर्धेचा नव्हता, नुसता एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्याचा. मी पुढे, मेव्हणा तीस-चाळीस मीटर मागे. पाऊस आडवा. एका उघड्या वळणावर वारा आला आणि माझ्या बॅगवरचं पिवळं कव्हर फुग्यासारखं फुगलं. मला मागून फडफड ऐकू आली, मग एकदम शांत झालं. बरं झालं, आवाज थांबला, असं मला वाटलं. आरशात पाहिलं तर मागे कुणी नव्हतं.

कव्हर उडून थेट त्याच्या हेल्मेटच्या काचेवर जाऊन बसलं होतं. त्याला काही दिसेना, त्याने पुढचा ब्रेक दाबला आणि ओल्या डांबरावर पुढचं चाक निसटलं. वेग तीसच्या आतबाहेर असेल. पण खांद्यावर पडला. कॉलरबोन मोडलं.

मी गाडी वळवून आलो तेव्हा तो रस्त्याच्या कडेला बसला होता, डाव्या हाताने उजवा कोपर धरून. मला औषधांचा डबा हवा होता. तो बॅगेच्या तळाशी होता, कारण तो लागणार नाही असं गृहीत धरून मी सगळ्यात आधी भरला होता. म्हणून त्या पावसात, घाटाच्या कठड्याशी, मी एकेक वस्तू बाहेर काढत गेलो. जीन्स, दुसरी जीन्स, चादर, धपाट्यांचा डबा, छत्री. जे तेवीस किलो कोरडं ठेवायला मी गावाहून निघालो होतो ते पाच मिनिटांत माझ्याच हाताने भिजवलं. डबा सापडला. त्यात डोकेदुखीच्या गोळ्या, पोटाच्या गोळ्या, बँडेजच्या चिकटपट्ट्या. हात गळ्यात बांधायला काहीच नाही. शेवटी त्याच्याच गळ्यातलं उपरणं सोडलं आणि त्याची झोळी करून हात बांधला. त्या दिवशी आमच्या चौतीस किलो सामानातून खरंच उपयोगी पडलेली वस्तू तेवढी एक होती, आणि ती कुठल्याच बॅगेत नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं पडलात. मी तोंड उघडायच्या आत मेव्हणा म्हणाला, "कुत्रं आडवं आलं."

घरी फोन केला तेव्हाही त्याने स्वतःच सांगितलं, कुत्रं आडवं आलं. दोन्ही गाड्या टेम्पोत घालून चाकूरला आणल्या, तेव्हा दारात जमलेल्यांनाही तेच. माझ्या बायकोने, म्हणजे त्याच्या बहिणीने, त्या न दिसलेल्या कुत्र्याला आठवडाभर शिव्या घातल्या. मी शेजारी बसून ऐकत होतो. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला मान असतो. दाजींमुळे हाड मोडलं, हे मेव्हणा चारचौघांत म्हणत नाही. त्याने मान राखला. मी त्या मानाआड बसून राहिलो, दोन वर्षं.

प्लेट घातली, हाड जुळलं. पण हात खांद्याच्या वर पूर्वीसारखा जात नाही. गावात गाडी चालवतो, लातूरपर्यंत जाऊन येतो. लांब जात नाही. पोतं उचलायचं झालं तर हमालाला हाक मारतो, पूर्वी मारत नसे.

त्याच्या दुकानात मी शाळा सुटल्यावर बसायला जातो, तसा त्या दोन वर्षांतही जात होतो. सामान कसं बांधावं, याचं खरं शिक्षण तिथे झालं. ऑक्टोबर होता, परतीचा पाऊस. आमच्या भागात पाऊस येत नाही ही निम्मी गोष्ट झाली. उरलेली निम्मी अशी की तो नको तेव्हा येतो, सोयाबीन कापून ढीग लावले की येतो. २०२५ च्या सप्टेंबरात तर मराठवाड्याने पूरच पाहिला. त्या दिवशी एक शेतकरी भिजलेलं सोयाबीन घेऊन आला होता आणि म्हणत होता, नवीकोरी ताडपत्री टाकली होती हो, तरी भिजलं. मेव्हण्याने एक मूठ घेतली, दाताखाली एक दाणा दाबला आणि विचारलं, "बुडाला काय टाकलं होतं?"

"बुडाला कशाला?"

"मग भिजणारच की. पाणी वरून कुठं येतंय? बुडातून येतंय, नाहीतर कडेनं येतंय."

ढिगाभोवती चर खणायचा, खाली पऱ्हाट्या नाहीतर पळसाच्या फांद्या टाकून माल जमिनीपासून उचलायचा, ताडपत्रीची कड आत न दुमडता बाहेर सोडायची, आणि वरून दगड ठेवायचे ते कडेवर, मध्ये नाही. मध्ये ठेवला की तिथे खळगा होतो आणि पाणी साचतं. हे तो इतक्या सहज सांगत होता, आणि मी तिथे बसून माझ्या पिवळ्या कव्हरचा विचार करत होतो. ते बॅगेच्या वर होतं. बॅगेचं बूड उघडं होतं आणि मागच्या चाकाचं सगळं पाणी तिथेच उडत होतं. म्हणजे ते उडालं नसतं तरी माझं सामान भिजलंच असतं. ज्याला पाऊस ठाऊक नाही असं मी समजत होतो, त्याचा धंदाच ओलाव्यावर चालतो. सरकारी खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची अट असते. त्यापुढे गेलं की भाव पडतो. तो रोज पाण्याचाच हिशेब करत होता.

मग मी एकेक गोष्ट त्याच्या डोळ्यांनी पाहायला लागलो. रेनकोट कापडातून गळत नाही, शिवणीतून गळतो. म्हणून शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते पाहायचं. बॅग चेनमधून गळते. म्हणून जिचं तोंड तीन वेळा गुंडाळून बकल लावायचं असतं ती पिशवी चेनवाल्या महागड्या बॅगेपेक्षा बरी. आणि तीही नसली तरी खताच्या पोत्यातली आतली जाड प्लास्टिकची पिशवी धुऊन, वाळवून बॅगेत आतून घातली की काम भागतं. आवरण बाहेरून नाही, आतून. आतलं आवरण वाऱ्याने उडत नाही. ग्लोव्हजचं तोंड बाहीच्या आत घालायचं, नाहीतर बाहीवरून वाहणारं पाणी नळीसारखं तळव्यात उतरतं. पावसाळी पँट बुटाच्या बाहेरून सोडायची, आत खोचायची नाही. ताडपत्रीची कडच ती.

दुसरी चूक जीन्सची होती. सुती कापड पाणी धरून ठेवतं. आमच्याकडे उन्हाळ्यात माठ झरोक्याशी, वाऱ्याला ठेवतात. बाहेरून पाझरलेलं पाणी उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, म्हणून ते गार होतं. एक ग्रॅम पाणी उडायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. भिजलेली जीन्स घालून, अठरा-वीस अंशांत, ताशी चाळीसच्या वाऱ्यात बसलेला माणूस हा माठच असतो, फरक इतकाच की आत पाण्याऐवजी तो स्वतः असतो. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की हात-बोटं ऐकेनाशी होतात, डोकं मंद होतं, आणि त्याला बर्फच लागतो असं नाही. जुलैतला घाटही पुरतो. आमच्या आजोबांच्या पिढीने घोंगडी का सोडली नाही, हे मला तेव्हा कळलं. लोकर भिजते, पण भिजली तरी ऊब सोडत नाही. घोंगडी गाडीवर नेता येत नाही, पण अंगालगत सुतीऐवजी लोकरी किंवा सिंथेटिक बनियन घालता येतो, जो पिळला की निम्मा कोरडा होतो.

तिसरी गोष्ट वजनाची. वजन खाली आणि पुढे, दोन चाकांच्या मध्ये. हत्यारं सीटखाली, जड वस्तू सीटच्या दोन बाजूंना, मागे फक्त हलकं आणि फुगीर. पण वजन कुठे ठेवायचं याआधी ते का घेतो, हा प्रश्न होता.

डकार रॅलीत एक वर्ग असतो, ज्यात स्पर्धकाला मदतनीस चालत नाही. त्याला मिळते ८० लिटरची एक पेटी. त्यात त्याची हत्यारं, सुटे भाग, सगळं. दोन आठवडे वाळवंट, आणि रात्री स्वतःच्या गाडीचं काम स्वतः करायचं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी छत्री आठवली. आणि दुसरीकडे आपली वारी. माझी आजी पंढरपूरला चालत जायची तेव्हा तिच्या खांद्याला फक्त पडशी दिसायची. किती कमी सामानात माणसं चालतात, असं आपण कौतुकाने म्हणतो. पण दिंडीच्या मागे ट्रक असतो. अंथरुणं, भांडी, शिधा त्यात असतो आणि तो भरणारी, उतरवणारी माणसं असतात. ज्याच्या खांद्यावर काही दिसत नाही, त्याचं ओझं दुसरीकडे कुठेतरी असतं. दिंडीत ते ठरवून वाटून घेतलेलं असतं, म्हणून गोड लागतं. मी मेव्हण्याला निम्मं सामान दिलं नाही, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. प्रत्यक्षात मी माझं ओझं त्याच्या खांद्यावर टाकलंच. फक्त न विचारता.

म्हणून दोन वर्षांनी पुन्हा नाव नोंदवलं, तेव्हा आधी यादी केली ती न्यायच्या वस्तूंची नाही. काय भिजलं तर चालेल, याची यादी केली. बूट भिजणार. बाहेरची पँट, ग्लोव्हज, पंचा भिजणार. त्यांना वाचवायला जायचंच नाही. त्यांची जागा बॅगेच्या बाहेरच्या जाळीत. कोरड्या राहायलाच हव्यात अशा गोष्टी चारच निघाल्या. रात्री घालायचे कपडे, मोज्यांचा एक जोड, फोनची बॅटरी आणि औषधं. एवढंच आतल्या पिशवीत, आणि ती पिशवी मुक्कामाला पोहोचल्याशिवाय उघडायची नाही. वाटेत लागेल ते सगळं पिशवी न उघडता हाताला आलं पाहिजे. जखमेची पट्टी, चेनला लावायचं तेल, पंक्चरची वादी, क्लचची जादा केबल, चारशे-पाचशे रुपये दुधाच्या पिशवीत. आणि एक तिकोनी कापड, हात गळ्यात बांधायला. दिवसा घालायचे कपडे एकच जोड, तो अंगावर. ओले झाले तर सकाळी ओलेच घालायचे. पहिली दहा मिनिटं जीव जातो, पुढे अंगाच्या उबेने निभतं. रोड बुक पारदर्शक पाकिटात, टाकीवर. पेन नाही, पेन्सिल. दमट कागदावर बॉलपेन रुसतं, पेन्सिल चालते. फोनचा पडदा पाण्याच्या थेंबांना बोट समजतो, म्हणून हिशेब घड्याळावर आणि डोक्यात. भिजलेल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे, तासाभराने बदलायचे. वर्तमानपत्र न्यावं लागत नाही, लॉजवाल्याकडे रद्दी असते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बॅग मोंढ्यात नेली. काट्यावर ठेवली. ९ किलो ४००.

मेव्हण्याने बॅगभोवती एक फेरी मारली. माल पारखतो तशी. दोऱ्या ओढून पाहिल्या. लोंबणारं टोक कुठे आहे का ते पाहिलं. चाकात जाईल असा पट्टा नव्हता, उडेल असं काही नव्हतं.

"कव्हर कुठंय?"

"नाही. आतून पिशवी घातलीय."

तो हसला. "म्हंजे आता कुत्रं आडवं यायचं नाही."

बायको डबा घेऊन तेवढ्यात दुकानात आली होती, हे आम्हाला दोघांनाही कळलं नव्हतं. ती म्हणाली, "कव्हरचा आणि कुत्र्याचा काय संबंध?"

मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं. मला आठवतंय, त्याने तोंड उघडलं होतं, आणखी काहीतरी रचून सांगायला. मी म्हणालो, "थांब." आणि सांगितलं. कव्हर, वारा, काच, सगळं. तळाशी ठेवलेला औषधांचा डबाही सांगितला, तो कुणी विचारला नव्हता तरी. दुकानात हमाल होता, एक शेतकरी पट्टी करून घ्यायला बसला होता. त्यांनीही ऐकलं. मोंढ्यातली गोष्ट रात्रीपर्यंत गावभर होते, हे मला ठाऊक होतं.

बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग भावाला म्हणाली, "तू गप बसलास ते बसलास. यांना कसं बसवलं रे?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. ते माझं होतं, आणि मलाही देता आलं नाही. तिने हातातला धपाट्यांचा पुडा काट्यावर बॅगेशेजारी ठेवला. आकडा १० किलो २०० झाला. "आठशे ग्रॅम हायेत," ती म्हणाली. "न्यायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा." आणि निघून गेली.

मी पुडा बॅगेत भरला. यादीत नव्हता.

रॅलीचं फार सांगण्यासारखं नाही. पसरणी घाटात त्याच वळणावर मी वेग कमी केला, मागे पाहिलं. मागे कुणी ओळखीचं नव्हतं. आंबेनळीत धुकं इतकं की रोड बुकातलं वळण समोर येईपर्यंत दिसत नव्हतं. एका टप्प्यात मी चाळीस सेकंद लवकर पोहोचलो आणि दंड खाल्ला, कारण हलक्या गाडीची मला सवय नव्हती, ती उताराला पळत होती. महाडच्या पुढे एका पोराची बाही पाण्याने भरलेली दिसली. त्याला ग्लोव्हज बाहीच्या आत घालायला सांगितलं. ताम्हिणीत पाऊस असा होता की श्वास घ्यायला तोंड खाली करावं लागत होतं. तिथे आमच्या आठशे मिलिमीटरचा विचार मनात आला आणि हसू आलं. शेवटी नंबर आला तो वरून मोजण्यापेक्षा खालून मोजणं सोपं, असा. धपाटे दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वरला संपले. तिथून घरी फोन केला. बायको म्हणाली, पाऊस आहे का? म्हटलं, आहे. ती म्हणाली, मग हळू या. दोन दिवसांत आमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं.

चाकूरला पोहोचलो तो थेट मोंढ्यात. अंघोळही केली नव्हती. मेव्हण्याने स्वतः, डाव्या हाताने, बॅग ओढून काट्यावर घेतली. धपाटे संपले होते, म्हणजे आकडा ९ किलो ४०० यायला हवा होता. आला १० किलो १००.

पिशवी उघडली. घाईत एका सकाळी मी तोंड तीनऐवजी दोनदाच गुंडाळलं होतं. रात्रीचे कपडे एका कोपऱ्यात ओले झाले होते. बाकी सगळं पाणी बाहेरच्या जाळीतलं, पंचा, मोजे आणि त्या तिकोनी कापडात मुरलेलं. ते कापड लागलं नव्हतं. भिजलं मात्र होतं.

"दाजी, सातशे ग्रॅम पाऊस आणलाव," मेव्हणा म्हणाला.

"घे मग विकत," मी म्हणालो.

त्याने पंचा पिळला. दुकानाच्या फरशीवर कोकणातलं पाणी पडलं आणि धान्याच्या धुळीत जिरायला लागलं.

"ओल धरून वजन करत नसतोत आम्ही," तो म्हणाला, आणि काट्यावरची बॅग खाली उतरवायला त्याने हमालाला हाक मारली. मी म्हणालो, राहू दे, मी उचलतो.